चालत नाही म्हणेल त्याचा चहा

"चालत नाही" हा प्रश्न नव्हे. ही नुसती तक्रार आहे, आणि तक्रारी ऐकायला मी काही ग्रामपंचायत नाही. हे मी आमच्या टेबलाशी आलेल्या प्रत्येकाला तोंडावर सांगितलेलं आहे. ज्यांना राग आला त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं.

टेबल म्हणजे नगरच्या माळीवाडा स्टँडासमोर कारभारीच्या हॉटेलातलं, एक पाय आखूड असलेलं टेबल. साल एकाहत्तर. मी तेव्हा कॉलेजात गणित शिकवत होते. जिल्ह्यात कॉम्प्युटर नव्हता, पुण्याला होता. मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजनं मला पुण्याला शिकायला पाठवलं होतं, तिथून मी प्रोग्राम लिहायला शिकून आले. मशीननं कुठलं काम कुठल्या क्रमानं करायचं, त्याची एकेक ओळ कागदावर लिहायची. कागद पाकिटात घालून शनिवारच्या एस.टी.नं पुण्याला पाठवायचे. तिथली माणसं त्याची कार्डं करायची, म्हणजे अक्षरागणिक भोकं पाडलेले पुठ्ठे. कार्डं मशीनला खाऊ घालायची आणि जे काय बाहेर पडेल ते पुढच्या शनिवारी आमच्या पदरात. एक स्वल्पविराम चुकला की आठवडा पाण्यात.

हा उद्योग करणारी नगरात मोजकीच माणसं होती. सगळी एका टेबलाभोवती मावायची. पुण्याच्या गाडीची वाट बघत आम्ही शनिवारी दुपारी तिथं बसायचो आणि एकमेकांच्या चुका काढायचो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, शेजारणीला लगेच दिसते. संसारात तसंच आणि प्रोग्राममध्येही तसंच. मी आणि पाटबंधारे खात्यातले मार्तंडराव इंजिनिअर, आम्ही दोघं कायमचे. मार्तंडराव कालव्याच्या पाण्याचे हिशेब मशीनवर करायचे आणि तपकीर ओढायचे. बाकीची मंडळी येऊन-जाऊन.

टेबलाचा कायदा मी केला होता. मदत हवी असेल तर आधी तीन गोष्टी सांगायच्या. मशीनला काय दिलं, काय यायला हवं होतं, आणि काय आलं. त्याशिवाय कुणी तुमच्या कागदाला बोट लावणार नाही. आणि जो नुसतं "चालत नाही" म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. या कलमावर कारभारीचा धंदा बरा चालला होता.

दिवाळी आटोपली, त्या शनिवारी एक उंच, सावळा तरुण टेबलाशी येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, आणि चेहऱ्यावर मात्र मशीनपेक्षा जास्त अक्कल असल्याचा भाव.

"तुम्हीच ना विजयाबाई? पुण्याच्या सेंटरवाल्यांनी तुमचं नाव सांगितलं. प्रोग्राम चालत नाही."

मार्तंडरावांनी तपकिरीची डबी मिटली. "कारभारी, तीन चहा रे. पाहुण्यांच्या नावावर."

त्याचं नाव बन्सी. बेलापूरचा. बी.एस्सी. ॲग्री होऊन तिकडच्याच एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलेला. हंगाम सुरू झाला की कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, हे दर वर्षी तिथं तोंडातोंडी ठरायचं. ज्याचा आवाज मोठा त्याच्या वावरात टोळी आधी. बन्सीनं डायरेक्टर लोकांच्या मागं लागून परवानगी काढली होती, की यंदा निदान बेलापूर गटाचा तरी क्रम मशीनला लावू द्या. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधीची त्याची तोड आधी, बास. साधी गोष्ट. आणि पुण्याहून यादी आली ती साफ चुकलेली.

"चुकलेली म्हणजे कशी?" मी विचारलं.

"म्हणजे चुकलेली. मशीनच खराब आहे."

"मशीन खराब असतं तर माझीही उत्तरं चुकली असती. काय दिलंत, काय आलं, ते सांगा."

"बाई, तुम्हाला शेतीतलं काय कळणार? एवढा लांब पाढा वाचण्यात अर्थ नाही. नुसती कुठली ओळ चुकली तेवढं सांगा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "डॉक्टरकडं जाऊन सांगता का, दुखतंय, पण कुठं ते विचारू नका? या आता. चहाचे पैसे देऊन या."

तोही काही कमी नव्हता. तिथंच उभ्या उभ्या त्यानं पेन्सिल काढली, प्रोग्रामच्या कागदावर एका ओळीत "लहान"च्या जागी "मोठा" अशी खूण केली, म्हणजे सगळा क्रमच उलटा. पाकीट केलं, गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. चहाचे पैसे मात्र देऊन गेला. तेवढं चांगलं होतं.

"विजयाबाई," मार्तंडराव म्हणाले, "पोरगं बुद्धीनं बरं वाटत होतं."

"बुद्धी आहे हो. तोंड नाही."

"तोंड तर तुमच्याएवढं होतं."



पुढच्या शनिवारी गाडी आली, पाकिटं वाटून झाली, तरी बन्सी टेबलाशी येईना. स्टँडाच्या कठड्याला टेकून एकटाच यादी चाळत होता. एकदा चाळली, दोनदा चाळली. मग तो आत आला, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावरची ती अक्कल पार उतरलेली होती.

"बाई, माझं चुकलं. सोमवारी मीटिंग हाय. डायरेक्टर लोक टोळ्या वाटनार. यादी बरोबर आसंल तर यादीपरमानं, न्हाईतर पयल्यासारखं." घाबरला की त्याची बी.एस्सी. गळून पडायची आणि बेलापूर बोलायला लागायचं. "एकदा पयल्यासारखं झालं की पुन्हा मशीनचं नाव न्हाई काढू देनार कुनी."

"तुझं त्यात काय जातं? नोकरी?"

"नोकरी गेली खड्ड्यात." तो खाली बसला. "माजी आई एकटी शेती बघती. वडील वारल्यापासनं. गेल्या साली तिच्या उसाला टोळी मिळता मिळता चैत्र उजाडला. उसाला तुरा येऊन गेला, कांडं पोकळ झालं, नुसतं चिपाड. ती रोज सकाळी बांधावर जाऊन टोळीची वाट बघायची. मी त्याच कारखान्यात नोकरीला, आन् मला काई करता येईना. रोज जेवताना इचारायची, 'आज तरी येतील का रं?'"

माझा राग कुठल्या कुठं गेला.  पण दया आली म्हणून कायदा मोडत नाही मी.

"बस नीट. आता मला सांग. मी या जगात काल आले, मला काही म्हणजे काही माहीत नाही, असं समजून सांग. मशीनला काय दिलंस?"

"प्रत्येक प्लॉटमागं एक कार्ड. शेतकऱ्याचं नाव, गाव, लागणीची तारीख."

"काय यायला हवं होतं?"

"आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू."

"काय आलं?"

"मागल्या टायमाला सुरू वर आला हुता, सगळ्यात कवळा ऊस. म्हनून मी क्रम उलटा केला. तर आता सुरू गेला तळाला, ते बरोबर झालं. पन पूर्वहंगामी आडसालीच्या डोक्यावर जाऊन बसला. आन् आडसालीत बी ज्याची लागण आधीची तो खाली. निम्मं बरोबर, निम्मं चूक. हे असं कसं हुईल? मशीनला येड लागलंय."

मार्तंडरावांनी मान हलवली. "खरंच विचित्र आहे. आडसाली वरच हवा."

आता यातलं गंमतीचं बघा. बन्सी उसात वाढलेला. मार्तंडरावांची हयात कालव्यावर गेलेली, उसाच्या पाळ्या त्यांना तोंडपाठ. दोघंही माहीतगार, दोघांनी दोन वेळा प्रोग्राम वाचला, आणि दोघांनाही चूक दिसेना. मी नगरच्या गावठाणात वाढलेली. ऊस मला माहीत तो रसाच्या गुऱ्हाळातला आणि संक्रांतीच्या सुगडातला.

"आडसाली म्हणजे काय?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भाकरी म्हणजे काय विचारलं.

"बाई, आडसाली म्हंजे आडसाली. जुलै-ऑगस्टात लावलेला."

"आणि सुरू?"

"जानेवारी-फेब्रुवारीचा. आन् पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा."

"मग मशीननं जानेवारीचा आधी घातला, जुलैचा नंतर घातला. जानेवारी जुलैच्या आधी येतो. मशीनचं काय चुकलं? मला तर पहिली यादीच बरोबर वाटते."

"आवो, काय बोलता!" बन्सी उठूनच उभा राहिला. "आडसाली जुना आसतो! सोळा-अठरा महिने उभा ऱ्हातो वावरात. सुरू आत्ता कुटं धा महिन्याचा हाय!"

"अठरा महिने? एकच पीक? वर्षाच्या वर?"

"मंग! म्हनून तर आडसाली!"

"म्हणजे तुझा हा जुलै यंदाचा नाही?"

"यंदाचा कसा आसंल? मागल्या सालचा. सत्तर सालचा."

"आणि जानेवारी?"

"यंदाचा. एकाहत्तरचा."

"बरं," मी म्हटलं. "हे मशीनला कुणी सांगितलं?"

 त्यानं पिशवीतून यादीबरोबर पुण्याहून परत आलेला कार्डांचा गठ्ठा काढला, वरचं कार्ड उजेडाला धरलं. दिवस होता. महिना होता. साल नव्हतं. गठ्ठ्यातल्या एकाही कार्डावर साल नव्हतं, कारण कारखान्याच्या लागणीच्या नोंदीतच सालाचा रकाना नव्हता. कशाला हवा? आडसाली म्हटलं की मागलं साल, हे बेलापुरात शेंबड्या पोरालाही कळतं.

"त्यात काय सांगायचं..." तो पुटपुटला. "हे तर सगळ्यांला माहीत हाय."

"सगळ्यांना माहीत आहे. मशीन बेलापूरचं नाही."

मार्तंडरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मीही पाटाचं पाणी सोडताना साल कधी लिहीत नाही!" आणि मग ते असे हसायला लागले की तपकीर सगळी टेबलावर. बन्सीही हसला, आणि मग एकदम थांबला.

"पन बाई, आता कळून काय उपेग? साल घालून कार्डं नव्यानं करायची, तर यादी यायला पुढला शनिवार. मीटिंग परवा हाय."

झालं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चूक सापडली की मला अर्धं जग जिंकल्यासारखं होतं, उरलेलं अर्धं मी विसरते. मी त्याची उलटी यादी ओढून घेतली आणि बघत बसले. नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै, फेब्रुवारी, जानेवारी. हिचं काही होण्यासारखं नव्हतं. मग मनात पहिली यादी मांडली. जानेवारी, फेब्रुवारी, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर. आणि मी टेबलावर अशी थाप मारली की आखूड पायानं सगळे कप सांडले.

"पहिली यादी कुठंय तुझी? ती चुकलेली?"

"ती कशाला?"

"आहे का फेकलीस?"

तो ओशाळला. "हाय. म्हंजे, कागद चांगला जाड हाय म्हनून आई त्यात भाकरी बांधून देती."

पिशवीतून भाकरीचं गाठोडं निघालं. घडीघडीचा तो लांबलचक कागद तिनं तोडला नव्हता. तसाच चार पदरी करून त्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधली होती. आम्ही भाकरी बाजूला ठेवली. म्हणजे मार्तंडरावांनी खायला घेतली. यादी मी टेबलभर पसरली. एका कोपऱ्याला तेल लागलं होतं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"कारभारी, कात्री आहे का रे?"

"शेजारी शिंप्याकडं हाय."

"आण."

फेब्रुवारीचा शेवटचा प्लॉट संपला आणि जुलैचा पहिला सुरू झाला, त्या रेघेवर मी कात्री चालवली. एकच काप. खालचा तुकडा उचलून वर ठेवला, वरचा खाली. मागून खळीची पट्टी लावली. सत्तरचा जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मग एकाहत्तरचा जानेवारी, फेब्रुवारी. ज्याची लागण आधीची त्याची तोड आधी. मशीननं पहिल्याच फेरीत काम चोख केलं होतं.

"बाई," बन्सी कागदावर वाकून म्हणाला, "तुमी तर देवमानूस..."

 त्याचं बोट यादीच्या पहिल्या ओळीवर थांबलं. मी वाचलं. रतनबाई, मुक्काम बेलापूर, लागण तीन जुलै.

"कोण ही रतनबाई?"

"माजी आई."

मार्तंडरावांची भाकरी हातातच राहिली.

"हे न्हाई चालायचं," बन्सी म्हणाला.  "लोक म्हनतील, पोरानं आईचं नाव वर घातलं. आप्पासाहेब तर पयले म्हनतील. गटाचे डायरेक्टर हायेत, दर साली पयली टोळी त्यांच्या मळ्यात. बाई, तिला धाव्या नंबरावर टाकू. पाचव्या तरी. एवढंच नाव हातानं लिहू."

"तसं केलेलं बरं," मार्तंडराव हळूच म्हणाले. "थोडं व्यवहारानं..."

"खबरदार!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "एक नाव हातानं खाली घातलंस तर उद्या दुसरा हातानं वर घालील. मग कात्री तरी कशाला चालवली मी? तुझ्या आईनं तीन जुलैला ऊस लावला, हा काय तिचा गुन्हा झाला? तिच्या आधी कुणी लावला असेल तर दाखव यादीत!"

"तुमाला काय जातंय बोलायला? सोमवारी थितं मला उभं ऱ्हायचंय!"

"मीही येते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पण गेलेला शब्द मी परत घेत नाही, आणि कॉलेजला दिवाळीची सुट्टीच होती.

सोमवारी कारखान्याच्या ऑफिसात गटातली माणसं दाटीवाटीनं बसली होती. पटके, टोप्या, बिड्यांचा धूर. दाराशी चार-दोन बायका, ज्यांच्या नावावर शेअर होते त्या. त्यांच्यात एक बारीक अंगाची, डोईवर पदर घट्ट ओढलेली बाई बसली होती. बन्सीनं तिच्याकडे बघायचं टाळलं, त्यावरून मी ओळखलं. मी जाऊन तिच्या शेजारीच बसले.

मधल्या खुर्चीवर आप्पासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, भारदस्त अंग, आणि सगळं समजून असणारे बारीक डोळे. माणूस लबाड नव्हता. त्यांना फक्त पहिल्या पानावर बसायची सवय झालेली होती.

बन्सी उभा राहिला.  त्यानं काहीही लपवलं नाही. मशीनला काय दिलं ते सांगितलं, काय यायला हवं होतं ते सांगितलं, काय आलं ते सांगितलं. साल लिहायचं राहिलं हेही सांगितलं, तेव्हा सगळं ऑफिस खो खो हसलं. "आरं, यवढं बी कळंना व्हय त्या मशीनला!" कुणीतरी म्हणालं. कात्रीचा काप त्यानं दोन्ही हातांनी उंच धरून दाखवला. माझा ऊर भरून आला, सांगायला लाज कशाची?

आप्पासाहेबांनी यादी हातात घेतली. पहिली ओळ वाचली. चष्मा काढला.

"ही यादी काई चालनार न्हाई," ते म्हणाले.

"का बरं, आप्पासाहेब?"

"मशीन पुन्याचं, कागद पुन्याचा, आन् पयलं नाव तुज्या आईचं! मशीनची बरी वळख झाली रं तुज्या घरच्यांशी!"

पुन्हा हशा झाला, पण या वेळचा हशा वेगळा होता. मागून कुणी म्हणालं, "काप बी त्येनीच मारलाय की!" बन्सीचा चेहरा उतरला. त्यानं उत्तर शोधायला माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. ती सगळी भांडणाची होती. तरी मी पदर खोचला आणि उठायला लागले.

तेवढ्यात शेजारून माझ्या दंडावर हात पडला. रतनबाईंनी मला खाली बसवलं आणि त्या स्वतः उठल्या.

"आप्पासाहेब, एक इचारू का?"

"इचारा की, वयनी."

"गेल्या साली माझा ऊस कदी तुटला?"

आप्पासाहेबांनी आठवून सांगितलं, "चैत्रात."

"आन् लावला कदी हुता?"

 बन्सीच खालच्या मानेनं म्हणाला, "आषाढात. यंदासारकाच."

"गटात कितवी तोड हुती माझी?"

"शेवटची," आप्पासाहेब म्हणाले.

"मंग आप्पासाहेब," रतनबाई म्हणाल्या, आणि आवाज एवढासाही चढवला नाही, "तवा या हापिसात कुनी इचारलं हुतं का, की रतनबाईचं नाव शेवटी कसं आलं?"

 हसणारे खाली बघायला लागले. बन्सी आईकडे बघत होता, आणि त्यानं डोळे पुसले ते सगळ्यांनी बघितलं.

आप्पासाहेबांनी चष्मा परत लावला. यादीची एकेक घडी उलगडत ते खाली खाली गेले, बरेच खाली गेले, आणि एका ठिकाणी बोट ठेवून थांबले.

"माझी लागण ऑगस्टातली," ते म्हणाले, बहुतेक स्वतःशीच. मग मान वर करून कारकुनाला म्हणाले, "लिव्ह. पयली टोळी रतनवयनींच्या वावरात. म्होरं कागदापरमानं. आन् लागणीच्या नोंदीत सालाचा रकाना पाड, मशीनला कळंना झालंय."

सगळं आटोपल्यावर आम्ही तिघं कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलो. मी चहा सांगितला. रतनबाई कनवटीचे पैसे सोडायला लागल्या, मी त्यांचा हात धरला.

"तुम्ही कशाला द्यायचे? तुम्ही काय दिलं ते विचारलंत, काय आलं ते विचारलंत, काय यायला हवं होतं ते न बोलता सगळ्यांना कळलं. माझ्या टेबलाशी एवढा नीट प्रश्न आजवर कुणी विचारला नाही."

"मंग चा कुनाचा?" त्यांनी विचारलं.

बन्सीनं माझ्याकडे बघितलं, मी बन्सीकडे. मग तो गल्ल्यावर गेला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तीन चहा. आप्पासाहेबांच्या नावावर मांडा. 'चालनार न्हाई' म्हनलेत ते."